थांबवलेली वाळू

कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या मंडळींत हटकून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "पुस्तकातली मजा नाही बुवा यात!" दुसरा म्हणतो, "पुस्तक वाचायला सवड कुणाला आहे? अडीच-तीन तासांत सगळे आटोपले, हे काय थोडे झाले?" आपल्या मराठी घरांतून हा वाद 'श्यामची आई' पडद्यावर आली तेव्हापासून, म्हणजे १९५३ पासून, ऐकू येत आहे; आणि छापखाना व पडदा ही दोन्ही दुकाने उघडी आहेत तोवर तो मिटेल अशी चिन्हे नाहीत. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी पोटासाठी आणि प्रकृतीनेही पहिल्या पक्षाचा. परंतु या खटल्यात एक तिसरा साक्षीदारही बोलावता येतो, आणि त्याची साक्ष दोन्ही पक्षांना निरुत्तर करते, हे मला २०२४ च्या मे महिन्यात कळले. तो साक्षीदार म्हणजे ती जागा, जिथे लेखकाला पुस्तक सुचले.

पुस्तक होते फ्रँक हर्बर्ट यांचे 'ड्यून', आणि जागा होती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स नावाचे गाव. इटलीतले चित्रांचे नि पुतळ्यांचे फ्लॉरेन्स ते वेगळे. हे आपले नऊ-साडेनऊ हजार वस्तीचे, नदीकाठी अंग चोरून बसलेले एक सालस गाव आहे.

तिथे जाण्याचा योग आला तो सासुरवाडीच्या कृपेने. माझा धाकटा मेहुणा पोर्टलंडजवळच्या बीव्हरटन गावी राहतो. त्या बाजूला संगणकाच्या चकत्या बनविण्याचा मोठा धंदा असल्यामुळे मराठी माणसांची वस्ती बरीच आहे. कॉलेजला उन्हाळ्याची सुटी लागली, भावाने बहिणीला आग्रहाने बोलावले, आणि बहिणीच्या सामानाबरोबर मीही पोहोचलो. मेहुण्याची पंधरा वर्षांची मुलगी 'ड्यून'ची निस्सीम भक्त. तिने ती जाडजूड कादंबरी तीनदा वाचलेली. मेहुणा चित्रपटाचा भक्त. दनी विलनव या कॅनडाच्या दिग्दर्शकाने काढलेले दोन्ही भाग, २०२१ चा आणि मार्च २०२४ चा, त्याने मोठ्यात मोठ्या पडद्यावर पाहिलेले. बापलेकींचा वाद न्याहारीला सुरू होई आणि जेवणाच्या ताटावर रंगात येई. शेवटी भाचीनेच तोड काढली. "काका, आपण फ्लॉरेन्सलाच जाऊ या. तिथं जाऊन ठरवू या, कोण बरोबर ते."

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अराकिस नावाचा एक ग्रह आहे. तो सबंध वाळवंट आहे. तिथे पाऊस नाही. माणसे अंगात असा पोशाख घालतात की घामाचा थेंबही वाया न जाता गाळून पुन्हा पिता यावा. वाळूखाली प्रचंड अळ्या राहतात, आगगाडीहून मोठ्या. आणि त्यांच्यामुळेच तिथे एक मसाला निर्माण होतो, ज्याच्याविना ताऱ्याताऱ्यांमधला प्रवास अशक्य. म्हणून त्या उजाड ग्रहासाठी राजघराणी एकमेकांच्या उरावर बसतात. फ्रेमन नावाचे तिथले मूळ रहिवासी मात्र एक गुपित स्वप्न उराशी धरून आहेत: कधीतरी हे वाळवंट हिरवे करायचे. मी सातारा जिल्ह्यात शिकवतो. माण-खटावकडची पोरे माझ्या वर्गात असतात. पाण्याचा थेंब मोजून वापरणाऱ्या माणसांची ही गोष्ट एकदा मी त्यांना तोंडी सांगितली, तेव्हा मागल्या बाकावरचीही मुले पुढे झुकून ऐकत होती. परग्रहाची म्हणून त्यांना ती परकी वाटली नाही.

पोर्टलंडहून यूजीनपर्यंत दक्षिणेला सुमारे एकशेदहा मैल, आणि तिथून पश्चिमेला डोंगर ओलांडून समुद्राकडे साठएक मैल. सौ.ने सवयीप्रमाणे दशम्या, चटणी आणि चिवड्याचा डबा बरोबर घेतला होता. अमेरिकेच्या हमरस्त्यावर सत्तर मैलांच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीत दशमी खाण्याची लज्जत काही और आहे. गाडीने शहर सोडले आणि वादाला तोंड फुटले.

मेहुण्याचे म्हणणे असे की, वाळवंट म्हणजे काय ते चित्रपटानेच दाखवले. जॉर्डनमधल्या वादी रम खोऱ्यात आणि अबू धाबीच्या लीवा भागातल्या वाळूत जाऊन त्यांनी चित्रण केले. ती क्षितिजापर्यंतची वाळू, तो प्रकाश, जमिनीच्या पोटातून येणारी ती घरघर, हे कागदावर कसे उतरणार? "आणि गंमत बघा, भाऊजी," तो म्हणाला, "त्याच वादी रममध्ये २०१५ साली 'द मार्शियन' चित्रपटातला मंगळ उभा केला होता. अँडी वीअरच्या कादंबरीतला तो एकटा पडलेला माणूस बटाटे पिकवतो ना, तोच मंगळ. एकच खोरं, पण पडद्यावर दोन ग्रह!"

भाची गप्प बसणारी नव्हती. "पण बाबा, ती मेजवानी कुठंय?" तिने विचारले. कादंबरीत राजवाड्यातल्या एका मेजवानीचा प्रसंग आहे. तिथली जुनी रीत अशी की, पाहुण्यांनी आत येताना पाण्यात हात बुडवायचे, बरेचसे पाणी जमिनीवर सांडायचे आणि हात पुसून टॉवेल टाकून द्यायचे. आणि दाराबाहेर भिकारी उभे, ते टॉवेल पिळून निघालेल्या पाण्यासाठी. नवा सरदार ही रीत बंद करतो. एवढ्या एका प्रसंगात त्या ग्रहाचे सारे अर्थशास्त्र आणि सारी निर्दयता आली आहे. विलनव यांच्या चित्रपटात तो नाही. "खजुराच्या झाडांचा प्रसंग आहे की," मेहुणा म्हणाला. तेही खरे. एकेक झाड रोज पाच माणसांचे पाणी पिते, हा हिशेब पडद्यावर आहे, आणि तो अंगावर काटा आणतो. मी न्यायाधीशाच्या खुर्चीत असल्यामुळे दोघांनाही एकेक गुण दिला.

मग माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला खूश करण्यासाठी की काय, मेहुण्याने 'अरायव्हल'चा विषय काढला. २०१६ चा तो चित्रपटही विलनव यांचाच. टेड चियांग यांच्या १९९८ सालच्या 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' या दीर्घकथेवरचा. परग्रहावरून आलेल्यांची भाषा शिकता शिकता एका भाषाशास्त्रज्ञ बाईला आपला भविष्यकाळ दिसू लागतो, आणि अजून न जन्मलेल्या मुलीचा मृत्यूही दिसतो. मूळ कथेत ती मुलगी पंचवीस वर्षांची होऊन कडा चढताना पडून जाते. चित्रपटात ती कोवळ्या वयात दुखण्याने जाते. भाचीला हा बदल मुळीच मान्य नव्हता. तिचे म्हणणे मला अजून आठवते. ती म्हणाली, "आजार थांबवता येत नाही, काका. पण डोंगरावर जाऊ नको, असं आईला सांगता आलं असतं. थांबवता येण्यासारखी गोष्ट असूनही ती थांबवत नाही, म्हणून तर ती कथा."

पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे ऐकून मी चिवड्याचा घास हातातच ठेवला. एम.ए.च्या उत्तरपत्रिकांतून असे वाक्य क्वचित सापडते. आणि थांबवणे व न थांबवणे हाच त्या दिवसाचा विषय ठरणार आहे, याची तेव्हा आम्हा कुणालाच कल्पना नव्हती.

दुपारच्या सुमाराला साय-यूस-लॉ नदी दिसू लागली. या नावाच्या मूळ रहिवाशांवरून नदीला हे नाव मिळाले. तिच्यावर १९३६ साली बांधलेला पूल आहे. मधला भाग उचलून जहाजांना वाट देता येते आणि चारही बाजूंना टोकदार मनोरे आहेत. मे महिना असल्याने गावात ऱ्होडोडेंड्रॉन फुलला होता. घरोघरी गुलाबी-जांभळे गुच्छ. समुद्रावरून गार वारा येत होता. वाळवंटाचा मागमूसही नाही. सौ.ने शाल लपेटली आणि म्हणाली, "हेच का ते तुमचं वाळवंट? इथं तर पावसाची सर येतेय."

येथेच १९५७ साली फ्रँक हर्बर्ट आले. ते वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावचे. जन्म १९२० चा, पेशा पत्रकाराचा. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला कूस बे गावापर्यंत सुमारे चाळीस मैल समुद्रकाठाने वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. काही ठिकाणी त्यांची शिखरे समुद्रसपाटीपासून पाचशे फुटांपर्यंत जातात. या टेकड्या पूर्वी चालत असत. उन्हाळ्यात वायव्येचा आणि हिवाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यांना ढकलत असे. आणि वाटेत रस्ता असो, रेल्वेचा रूळ असो, घर असो की तळे, वाळू त्याच्यावर चढून बसे. पाण्याची लाट घटकेत येते; वाळूची लाट वर्षानुवर्षे येत राहते, एवढाच काय तो फरक. ती थोपवण्यासाठी सरकारच्या कृषिखात्याने एक उपाय हाती घेतला होता. युरोपातल्या समुद्रकाठचे एक चिवट गवत आणून टेकड्यांवर लावायचे. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात. वाळूने ते गाडले गेले तर ते आणखी उंच वाढते. हर्बर्टना हा प्रयोग विलक्षण वाटला. त्यांनी एक छोटे विमान भाड्याने घेतले, वरून टेकड्या पाहिल्या, आणि 'त्यांनी चालती वाळू थांबवली' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख योजला.

तो लेख त्या काळी छापला गेलाच नाही. पण त्याच्यासाठी गोळा केलेली टिपणे हर्बर्टना झोपू देईनात. वाळवंटे, वाळवंटातले लोक, वाळवंटातून उठलेले धर्म, यांचे वाचन ते वर्षानुवर्षे करीत राहिले. कादंबरी आधी मासिकातून क्रमशः आली. पुस्तकासाठी वीसच्या वर प्रकाशकांनी नकार दिला. अखेर १९६५ साली, मोटारी दुरुस्त कशा कराव्या याची पुस्तके छापण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने ती छापली. न छापलेल्या लेखातून छापलेली कादंबरी निघाली. आमच्यासारख्या साभार परत आलेल्या लेखांचे मालक असलेल्यांनी ही हकीकत भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे! पुस्तकाची अर्पणपत्रिका तर कुणा राजाला वा प्रेयसीला नसून कोरडवाहू भूमीच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना आहे.

गावापासून दहाएक मैल दक्षिणेला रस्त्याच्या कडेला टेकड्या पाहण्यासाठी लाकडी सज्जे बांधले आहेत. हा सारा पट्टा १९७२ पासून राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र म्हणून राखलेला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे दहा-बारा माणसे आधीच जमलेली होती, आणि त्यांच्यातल्या चौघापाचांच्या हातांत तेच पुस्तक! एका वाचनमंडळाची ती मंडळी यूजीनहून आली होती. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक लाकूडकाम करणारे गृहस्थ होते, एक तरुण जोडपे होते. भाचीच्या हातातली जीर्ण प्रत पाहताच त्यांनी तिला आपल्यात ओढून घेतले. वारकऱ्याला वारकरी ओळखायला तुळशीची माळ पुरते, तसाच हा प्रकार.

बोलणे सुरू झाले ते अर्थात चित्रपटावरूनच. तरुण जोडप्यातली मुलगी म्हणाली, चित्रपटाच्या शेवटी चानी पॉलला सोडून वाळवंटात निघून जाते, हेच बरोबर. पुस्तकातली चानी सगळे निमूट सोसते. लाकूडकामवाल्या गृहस्थांना हे मंजूर नव्हते. त्यांचे दुःख निराळेच होते: पुस्तकात पॉलची चार वर्षांची बहीण खलनायकाचा काटा काढते, आणि चित्रपटात ती अजून आईच्या पोटातच! "पण चार वर्षांच्या मुलीच्या हातून खून कसा दाखवणार?" मेहुणा म्हणाला. "डेव्हिड लिंचनी १९८४ सालीच दाखवला की," शिक्षिकाबाईंनी ताबडतोब उत्तर दिले. त्या तो चित्रपट तरुणपणी पाहून रागावून घरी गेल्या होत्या, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांचा राग ओसरून त्याच्या जागी माया आली होती. पहिल्या पक्षातही असे मतपरिवर्तन घडते, याची मी मनात नोंद केली.

मी मात्र समोर पाहत होतो, आणि पाहता पाहता बुचकळ्यात पडलो. वाळवंट पाहायला आलो होतो. समोर वाळूच्या टेकड्या होत्या खऱ्या. पिवळसर, गुळगुळीत, वाऱ्याने चुण्या पाडलेल्या. पण त्यांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, दाट हिरवे रान होते. पाइनची झाडे, विलोची झुडपे, मधून मधून पाण्याची डबकी. आणि त्या रानाच्याही पलीकडे, अगदी समुद्राला लागून, गवताने झाकलेला एक लांबच लांब बांध. समुद्र त्या बांधाआड.

माझी मुद्रा पाहून शिक्षिकाबाई हसल्या. म्हणाल्या, "सगळे पाहुणे हेच विचारतात. वाळू कुठे आहे? वाळू त्या हिरव्याखाली आहे."

मग त्यांनी आम्हांला ते गणित समजावून सांगितले. गवत लावले, ते कल्पनेबाहेर यशस्वी झाले. समुद्राने आणून टाकलेली वाळू त्या गवतात अडकू लागली आणि किनाऱ्याला समांतर एक उंच बांध तयार झाला. त्या बांधाने मागच्या टेकड्यांना होणारा वाळूचा पुरवठा तोडून टाकला. वारा तर थांबला नव्हता. तो बांधामागची वाळू उडवून नेत राहिला, ती थेट जमिनीतल्या पाण्याची पातळी लागेपर्यंत. ओली जमीन उघडी पडली, तिथे झाडे रुजली, रान झाले. रान दर साल पुढे सरकते आहे आणि उघडी वाळू आकसते आहे. जुन्या हवाई छायाचित्रांत जिथे शुभ्र वाळू दिसते तिथे आज झाडी आहे. पूर्वी वाळू माणसांना गाडीत होती. आता हिरवाई वाळूला गाडते आहे.

"मग हे गवत लावलं तेव्हा कुणाला कळलं नाही का?" सौ.ने मराठीत विचारले आणि भाचीने ते इंग्रजीत केले. तिने पुस्तक वाचले नव्हते, चित्रपट पाहिला नव्हता; पण दिवसभरात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तिचा होता.

यावर त्या मंडळींत क्षणभर शांतता पसरली. आणि भाची आपले पुस्तक उघडून शेवटची पाने चाळू लागली. 'ड्यून'च्या शेवटी परिशिष्टे आहेत. कथानक संपले म्हणून पुष्कळ लोक ती वाचत नाहीत. त्यांतल्या पहिल्याच परिशिष्टात अराकिस हिरवा करण्याची योजना तपशिलाने दिली आहे, आणि त्या योजनेची पहिली पायरी कोणती? टेकड्यांवर गवत लावून वाळू थांबवायची! १९५७ साली फ्लॉरेन्सला पाहिलेले गवत हर्बर्टनी जसेच्या तसे उचलून परग्रहावर नेले आहे. पहिल्या कादंबरीत ते गवत म्हणजे आशा आहे. पण लेखक तिथे थांबला नाही. १९६९ चे 'ड्यून मसाया', १९७६ चे 'चिल्ड्रेन ऑफ ड्यून', १९८१ चे 'गॉड एम्परर ऑफ ड्यून' असा तो पुढे जात राहिला, आणि पुढच्या भागांत त्या आशेचे फळ दाखवीत गेला. ग्रह हिरवा होतो. पाणी वाहू लागते. आणि पाणी तर त्या महाकाय अळ्यांना विष! अळ्या मरू लागतात, मसाला नाहीसा होऊ लागतो, वाळवंटातल्या शूर माणसांचे वंशज वाळवंटच विसरतात. एवढेसे वाळवंट शेवटी राखून ठेवावे लागते.

"म्हणजे त्यांना कळलं होतं," भाची म्हणाली.

कळले होते म्हणावे, तर १९५७ साली ते गवताचे गुणगान करायला आले होते. कळले नव्हते म्हणावे, तर पुढे हे सारे त्यांनीच लिहिले. मला वाटते, चांगल्या लेखकाचे असेच होते. टिपणे घेताना त्याला जे ठाऊक नसते ते लिहिता लिहिता कळते. एका प्रश्नाचे उत्तर म्हणून लावलेले गवत स्वतःच पुढचा प्रश्न होते, हे त्याला आपल्या कथेनेच शिकवले. आणि हे शिकायला त्याला एक पुस्तक पुरले नाही, म्हणून तर पुढची पुस्तके झाली. दोन्ही चित्रपटांनी वाळू दाखवली, आणि अशी दाखवली की वाचकालाही आपली कल्पना थिटी वाटावी. पण गवत अजून पडद्यावर उगवायचे आहे. तिसऱ्या चित्रपटासाठी 'ड्यून मसाया'चा आधार घेतला आहे, तेव्हा मेहुण्याने आशा सोडू नये.

सज्ज्यावरून समुद्राकडे मैलभर पायवाट जाते. तिने जाताना कडेला पिवळ्या फुलांनी लगडलेली झुडपे दिसली. 'स्कॉच ब्रूम' त्यांचे नाव. तीही परदेशातून आलेली, तीही वाळू थांबवण्यासाठी लावलेली, आणि तीही आता हाताबाहेर गेलेली. हातमोजे घातलेली पाच-सहा माणसे ती उपटत होती. स्वयंसेवक, सुटीच्या दिवशी पदरमोड करून आलेले. सौ.चे लहानपण शेतात गेलेले. ती बांधावर उभी राहून बघते की काय? तिने शाल खोचली आणि कोवळी रोपटी बुंध्याशी धरून मुळासकट काढायला सुरुवात केली. त्या मंडळींना तिची भाषा कळत नव्हती, पण खुरपणी केलेला हात कळला. तिच्यासाठी त्यांनी हातमोजे शोधून आणले.

त्यांच्यातल्या एकाने सांगितले की, ब्रूम निदान उपटता तरी येतो. ते समुद्रकाठचे गवत उपटून जात नाही. राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून ते पुन्हा फुटते. त्याच्यासाठी यंत्रे आणून बांध खणावे लागतात, औषधे मारावी लागतात. सगळा किनारा मोकळा होणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आणि करूही नये. कारण त्या हिरव्याच्या आधाराने आज रस्ते आहेत, घरे आहेत, त्या रानात राहणारी जनावरे आहेत. काही निवडक जागी वाळूला पुन्हा चालू द्यायचे, एवढेच त्यांचे मागणे.

मला आपला कोकण आठवला. तिथेही कित्येक किनाऱ्यांवर वाळू नि वारा अडवण्यासाठी सुरूची बने लावलेली आहेत. त्या सावलीत आपण सहलीचे डबे सोडतो, आणि सुरू तिथला मूळचा नव्हे हे आपल्या गावीही नसते. मी सुरूवर खटला भरीत नाही. पण यापुढे त्या बनात बसलो की त्याच्याआधी तिथे काय होते, हे एकदा विचारल्याशिवाय मला राहवणार नाही.

परतताना फ्लॉरेन्सकरांनी एक गोष्ट आम्हांला सांगितलीच सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय ते पाहुण्याला सोडत नाहीत. १२ नोव्हेंबर १९७० रोजी गावाजवळच्या किनाऱ्यावर एक प्रचंड मेलेला देवमासा पडला होता. दुर्गंधी सुटली. तो हलवायचा कसा? राज्याच्या रस्तेखात्याने त्याला अर्धा टन सुरुंगाची दारू लावली. कल्पना अशी की, बारीक तुकडे होतील आणि समुद्रपक्षी ते खाऊन टाकतील. स्फोट झाला. तुकडे झाले, पण बारीक नव्हे. मासाचे दगडासारखे गोळे आकाशातून प्रेक्षकांवर कोसळले आणि लांब उभ्या केलेल्या एका मोटारीचे टप चेपून गेले. पक्षी आवाजाने पळून गेले, आणि देवमाशाचा मोठा भाग जागच्या जागीच राहिला. २०२० साली गावाने एका नव्या बागेला या स्फोटाचेच नाव दिले. आपल्या फजितीची बाग करणारे गाव मला फार आवडले. ज्या गावाने इतकी वर्षे वाळूशी दोन हात केले, त्याला हसण्याचा हक्क आहे.

पण त्या दिवसातले मला सर्वांत जपून ठेवावेसे वाटते ते पायवाटेच्या टोकाचे दृश्य. गवताचा बांध ओलांडून आम्ही समुद्रावर उतरलो, तो समोर दोरी बांधलेली, आणि पाटी. १५ मार्च ते १५ सप्टेंबर कोरड्या वाळूत पाऊल टाकायचे नाही. कुत्रा आणायचा नाही, पतंगदेखील उडवायचा नाही. कारण तिथे चिखल्या जातीचा एक चिमणीएवढा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो. पांढुरका, वाळूच्याच रंगाचा. त्याला गवत चालत नाही. शत्रू लांबून दिसायला हवा, म्हणून त्याला मोकळे मैदान लागते. गवत वाढले तशी त्याची घरे गेली. १९९३ साली त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली, आणि तेव्हापासून त्याच्यासाठी थोडी थोडी वाळू पुन्हा मोकळी करून दिली जात आहे.

भाची दोरीशी उभी राहून बराच वेळ बघत होती. पुस्तक काखेत, केस वाऱ्यावर. पक्षी दिसला नाही. दोरीच्या पलीकडे कोरड्या वाळूवर फक्त त्याच्या पावलांची बारीक नक्षी उमटलेली होती. कुणीतरी सुईने टीप घालावी तशी. मेहुण्याने मोठ्या पडद्यावर मैलोगणती वाळू पाहिली होती. पण इथे हातभर वाळूवरची ती टीप पाहायला तो गुडघ्यावर बसला. वारा जोराचा होता. आमच्या डोळ्यांसमोर तो एकेक कण सरकवून ती नक्षी बुजवत होता, आणि वाळू हळूहळू चालू लागली होती.